मेपल सिरपसाठी मोठा इव्हॅपोरेटर घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही व्हरमाँटच्या उत्तर भागात राहतो. 2016 साली परसातल्या मेपलना 9 बादल्या टांगल्या, सिमेंटच्या ठोकळ्यांची चूल मांडली आणि तिच्यावर हॉटेलात भाजी गरम ठेवायचे स्टीलचे ट्रे ठेवून रस आटवला. दोन वर्षांनी 2 बाय 3 फुटांचा सपाट पॅन आला. 2021 पासून 2 बाय 4 चा फ्लूवाला, म्हणजे पॅनच्या तळाला खोल घड्या असलेला, इव्हॅपोरेटर (भट्टी आणि तिच्यावरचा रस आटवायचा पॅन) आहे आणि आता 64 टॅप, म्हणजे झाडाला भोक पाडून बसवायच्या तोट्या, लागतात. दरवर्षी जानेवारी उजाडला की बॉस्टनपासून टोरोंटोपर्यंतच्या मराठी घरांतून तेच ते प्रश्न येतात. म्हणून एकदाच लिहून ठेवते. झाडातून येतं त्याला इथे सॅप म्हणतात, मी रसच म्हणते. माझ्या मामाचं गुऱ्हाळ होतं, तिथली सवय.

मोठा इव्हॅपोरेटर खरंच हवा आहे, हे कसं ओळखायचं?

कुठल्या रात्री किती वाजता झोपलात ते वहीत लिहा. मी अजिबात चेष्टा करत नाही. टॅप, गॅलन, पॅनचं माप या सगळ्यांच्या आधी हा आकडा लागतो. रस दुधासारखा नासतो. थंडी असेल तर एक-दोन दिवस तग धरतो. पण दुपारी ऊन चढलं की बादलीत ढगाळ दिसायला लागतो आणि त्याचं सिरप काळपट होतं. म्हणजे आलेला रस त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आटवायलाच हवा. नोकरी करून हे करणाऱ्याला संध्याकाळी सहा ते दहा एवढेच तास मिळतात. हंगामात तीन-चारदा पहाटे दोनपर्यंत चुलीशी बसावं लागत असेल, तर इव्हॅपोरेटर लहान पडतोय. वर्षातून एकदाच तसं होत असेल, तर एक जास्तीचा पिंप घ्या, त्याच्याभोवती बर्फ लोटा आणि झोपा.

किती टॅपला केवढा इव्हॅपोरेटर?

दुकानदार टॅपच्या आकड्यावरून माप सांगतात: 50 टॅपला हा, 100 ला तो. हे हिशेब उलट्या टोकाने केलेले असतात. खरा हिशेब सर्वांत चांगल्या दिवशी किती रस येतो इथून सुरू होतो.

बादल्यांवर हंगामभरात एका टॅपमागे साधारण 10 गॅलन रस मिळतो, त्याचं एक क्वार्ट, म्हणजे लिटरभर सिरप. पण हा रस रोज सारखा येत नाही. रात्री गोठणारी थंडी आणि दिवसा शून्याच्या वर चार-पाच अंश असं जुळून आलं की एकेक टॅप दिवसाला दीड-दोन गॅलन ओततो आणि मग चार दिवस थेंब नाही. इव्हॅपोरेटर त्या दीड गॅलनवाल्या दिवसासाठी घ्यायचा असतो.

60 टॅप धरा. चांगल्या दिवशी 90 गॅलन, म्हणजे 340 लिटर रस. त्यातलं 88 गॅलन पाणी उडवायचं आहे. सपाट पॅनमधून चौरस फुटाला ताशी एक गॅलन पाणी उडतं असा ठोकळ नियम आहे. 2 बाय 3 चा सपाट पॅन सहा चौरस फुटांचा, म्हणजे ताशी 6 गॅलन, म्हणजे जवळजवळ पंधरा तास. 2 बाय 4 चा फ्लूवाला नीट पेटवला तर ताशी 14-15 गॅलन उडवतो, काम सहा तासांत उरकतं. 2 बाय 6 चा फ्लूवाला ताशी 24 च्या आसपास जातो, पावणेचार तास. आता तुमच्याकडे संध्याकाळचे किती तास आहेत ते बघा आणि त्यावरून माप ठरवा. ज्याला घरून काम करता येतं आणि मधूनच लाकूड घालता येतं, त्याला 60 टॅपसाठी 2 बाय 4 पुरेसा आहे. ज्याला साडेसहाला घरी येऊन अकराला झोपायचंय त्याला त्याच 60 टॅपसाठी 2 बाय 6 लागेल, किंवा आरओ, म्हणजे आटवण्याआधीच रसातलं पाणी काढणारं यंत्र. त्याबद्दल पुढे.

नळ्या लावून व्हॅक्यूम पंप बसवणार असाल तर टॅपमागचा रस दुप्पट धरून चाला.

40 लिटर रसाचं 1 लिटर सिरप, हे बरोबर आहे ना?

रसात साखर 2 टक्के असेल तर. 1946 साली व्हरमाँट विद्यापीठातल्या सी. एच. जोन्स यांनी 86 चा नियम मांडला: 86 ला रसातल्या साखरेच्या टक्क्यांनी भागा, तितक्या गॅलन रसाचं एक गॅलन सिरप होतं. 2 टक्क्यांना 43, 3 टक्क्यांना 29, दीड टक्क्याला 57. लाल मेपल आणि रुपेरी मेपलच्या रसात साखर बहुधा कमी असते, तेव्हा तुमच्या परसात शुगर मेपल नसतील तर हिशेबात जास्त पाणी धरा. हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे थेंबातली साखर दाखवणारं यंत्र, विकत घ्या. दहा झाडांचा रस एकेक थेंब बघितलात की कुठलं झाड आळशी आहे तेही कळतं.

जाहिरातीत 'ताशी 30 गॅलन' लिहिलेलं असतं. ते खरं का?

कोरडं, मनगटाएवढं चिरलेलं लाकूड, दर सात-आठ मिनिटांनी भर, ब्लोअर चालू, पॅनमध्ये रस इंच-दीड इंच, आत येणारा रस आधीच तापलेला, एवढं जमलं तर खरं. तुम्ही मधे जेवायला गेलात की खोटं. माझा नियम: लिहिलेल्या आकड्यातून चौथा हिस्सा वजा करा आणि जे उरेल त्यावर तासांचा हिशेब मांडा.

सपाट पॅन की फ्लूवाला?

फ्लू म्हणजे पॅनच्या तळाला पाडलेल्या खोल घड्या, पंख्याच्या पात्यांसारख्या शेजारी शेजारी उभ्या. जाळ त्यांच्यामधून वाहतो आणि तेवढ्याच जागेत उष्णता घेणारा पत्रा कितीतरी पटीने वाढतो. घड्या खाली भट्टीत लोंबत असतील तर ड्रॉप फ्लू, वर पॅनमध्ये उचललेल्या असतील तर रेझ्ड फ्लू. छोट्या कामात या दोहोंच्या भांडणात पडू नका. ड्रॉप फ्लूला एक फ्लोट (पॅनमधली रसाची पातळी राखणारी तरंगती झडप) पुरतो, रेझ्ड फ्लूला बहुधा दोन लागतात, एवढं लक्षात ठेवलं तरी चालेल.

30 टॅपपर्यंत सपाट पॅनच बरा. धुवायला सोपा, किंमत कमी, वाकला तर गावातला वेल्डर सरळ करतो. 50 च्या पुढे फ्लू नसलेला मोठा पॅन घेणं म्हणजे लाकूड चिमणीतून आकाशात पाठवणं.

पॅनमध्ये ते पडदे कशाला असतात? साधी परात चालणार नाही का?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा आणि विचारणारे सगळ्यात कमी.

साध्या परातीत तुम्ही रस ओतत जाता, तो आटत जातो, पुन्हा ओतता. सकाळी दहाला ओतलेल्या रसातली साखर रात्री दहापर्यंत त्याच जाळावर शिजत असते. सिरप होतं, पण काळं, जड चवीचं आणि दिवसाच्या शेवटी एकदम. मोठ्या परातीत हेच मोठ्या प्रमाणावर होतं, बाकी फरक काही नाही.

पडदेवाल्या पॅनमध्ये रस एका टोकाने फ्लोटमधून आत येतो. प्रत्येक पडद्याला एकाच बाजूला फट असते, त्यामुळे तो नागमोडी फिरत पुढे सरकतो. पुढचं पाणी उडालं की पातळी घटते, ती भरायला मागचा पातळ रस पुढे ढकलला जातो, पण पडद्यांमुळे मागे-पुढे मिसळत नाही. मागे-पुढे दोन पॅन असतील तर साखर मागच्या पॅनमध्ये 2-3 टक्के, पुढच्या पॅनच्या पहिल्या कप्प्यात 20-25, शेवटच्या कप्प्यात साठच्या वर. ही उतरंड एकदा लागली की शेवटच्या कप्प्यातल्या नळाने थोडं थोडं सिरप दर तासाला निघत राहतं. प्रत्येक थेंब जाळावर थोडाच वेळ राहतो, म्हणून रंग सोनेरी येतो.

उतरंड बघायची तर वरच्या बुडबुड्यांकडे बघा. मागे मोठे, पांढरे, उसळते. पुढे येता येता बारीक होत जातात आणि शेवटच्या कप्प्यात दाट, पिवळट, एकमेकांना चिकटलेले. चपटा पळा बुडवून आडवा धरला की आधी पाण्यासारखे थेंब गळतात, मग दोन थेंब काठावर एकत्र येतात आणि मग पाक पदरासारखा खाली लोंबतो. गुळव्या काहिलीतला पाक बोटांत धरून बघायचा, ते बघितलेल्याला हे शिकवावं लागत नाही. बाकीच्यांनी थर्मामीटर घ्यावा: पाणी ज्या तापमानाला उकळतं त्याच्या वर 7.1 अंश फॅरनहाइट, म्हणजे सेल्सिअसमध्ये सुमारे 4 अंश. पाण्याचा उत्कलनबिंदू हवेच्या दाबाप्रमाणे रोज थोडा हलतो, म्हणून त्या दिवशीचं पाणी उकळूनच शून्य ठरवायचं. शेवटचा निकाल हायड्रोमीटरचा, म्हणजे सिरपची घनता मोजणाऱ्या तरंगत्या नळीचा. व्हरमाँटमध्ये सिरप किमान 66.9 ब्रिक्स, म्हणजे वजनाने तितके टक्के साखरेचं, असावंच लागतं.

तेव्हा मोठा घेणार असाल तर आधी पडदे आणि नळ बघा, लांबी-रुंदी नंतर. पडदे नसलेल्या 2 बाय 6 पेक्षा पडदे असलेला 2 बाय 4 मी डोळे मिटून घेईन.

मोठ्या इव्हॅपोरेटरऐवजी आधी आरओ घेतला तर?

बहुतेकांना माझं उत्तर हेच असतं आणि बहुतेकांना ते आवडत नाही, कारण आरओच्या पेटीतून वाफही निघत नाही आणि फोटोही चांगला येत नाही.

स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या फिल्टरमध्ये असते तीच गोष्ट: दाबाने रस मेंब्रेनमधून, म्हणजे अतिशय बारीक गाळणीतून, ढकलायचा, पाणी पलीकडे जातं, साखर अलीकडे राहते. 100 गॅलन 2 टक्क्यांचा रस 4 टक्क्यांवर आणला की 50 गॅलनच उरतो. म्हणजे एकही लाकूड न जाळता निम्मं काम झालं. 8 टक्क्यांवर नेला तर 25 गॅलन. घरगुती मेंब्रेन जोडून लोक छोटे आरओ घरीच बनवतात. तसा एक आरओ आणि जुनाच पॅन, हे मिळून नव्या इव्हॅपोरेटरपेक्षा स्वस्तात पडतं.

त्याचे नखरेही आहेत. मेंब्रेन गोठला तर गेला. म्हणून तो तळघरात किंवा गरम खोलीत ठेवावा लागतो. रोज धुवावा लागतो. आणि घट्ट केलेला रस साध्या रसापेक्षा लवकर नासतो, तो साठवून ठेवायचा नाही, लगेच आटवायचा. चव जाते का, हे हमखास विचारतात. अंडरहिल इथे व्हरमाँट विद्यापीठाचं प्रॉक्टर मेपल रिसर्च सेंटर आहे. तिथल्या चाचण्यांत छोट्या-मध्यम प्रमाणात घट्ट केलेल्या रसाच्या सिरपच्या चवीत फारसा फरक दिसला नाही. आमच्याकडे अजून आरओ नाही, याचं कारण माझा हट्ट आहे, विज्ञान नाही. मला जाळाशी बसायला आवडतं.

लाकूड, गॅस की तेल?

लाकूड स्वतःचं असेल तर लाकूड. साध्या भट्टीत एका कॉर्डमध्ये, म्हणजे 128 घनफूट लाकडात, अंदाजे 25 गॅलन सिरप होतं असं इथले जुने लोक सांगतात. आमच्या 64 टॅपना, म्हणजे 16 गॅलन सिरपला, कॉर्डभर लागतंच, कारण छोटी भट्टी खादाड असते. लाकूड आदल्या वर्षी चिरून वाळवलेलं हवं. मार्चमध्ये तोडून मार्चमध्ये जाळणाऱ्याची वाफ लाकडातूनच जास्त निघते.

गॅसचं गणित करून बघा. 20 पौंडी सिलिंडरमध्ये साधारण 4.7 गॅलन प्रोपेन असतो. त्याची निम्मी उष्णता रसात उतरली असं धरलं, तर 22-23 गॅलन पाणी उडतं. म्हणजे जेमतेम अर्धा गॅलन सिरप. शेवटचा हात फिरवायला गॅससारखं सोपं काही नाही, पण सगळा रस त्याच्यावर आटवणं श्रीमंतांनी करावं. तेलाच्या बर्नरवर मी कधी काम केलेलं नाही.

जुना इव्हॅपोरेटर स्वस्तात मिळतोय. घेऊ?

आधी सांधे बघा. 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत बनलेल्या पुष्कळ पॅनच्या सांध्यांना शिशाचा डाख आहे. जुन्या गॅल्व्हनाइज्ड बादल्या आणि टाक्यांचंही तेच. रस थोडा आम्लधर्मी असतो, उकळत्या गोड द्रवात शिसं उतरतं, आणि आटताना त्याचं प्रमाण वाढत जातं. घरात लहान मूल असेल तर यात दुसरं मत नको.

मी स्वतः यात फसले आहे. 2020 च्या शरदात एका शेतावरच्या विक्रीत 2 बाय 5 चा पॅन मिळाला, चकचकीत घासलेला. विकणाऱ्याने 'स्टेनलेस आहे' असं सांगितलं आणि पत्रा खरंच स्टेनलेस होता. घरी आणून कोपऱ्यांत टॉर्च मारला तेव्हा सांध्यांवर राखाडी, मऊ, मेणासारख्या ओघळाची रेघ दिसली. नखाने ओरखडा उठला. हार्डवेअरच्या दुकानातून शिसं तपासायच्या काड्या आणल्या, घासली ती लाल झाली. आता त्या पॅनमध्ये झेंडू लावतो.

नव्या पॅनचे सांधे टिग वेल्डिंगचे असतात: माशाच्या खवल्यांसारखी बारीक, कडक, एकसारखी नक्षी. पत्रा 304 स्टेनलेस आहे का विचारा. भट्टी जुनी चालेल, फक्त विटा आणि जाळी बदलावी लागेल असं धरून भाव करा. जुनी भट्टी आणि तिच्या मापाने बनवून घेतलेला नवा पॅन हा हुशार सौदा असतो. नव्यांत व्हरमाँटची लीडर ही 1888 पासूनची कंपनी, क्वेबेकच्या सीडीएल आणि लापिएर, विस्कॉन्सिनची स्मोकी लेक ही नावं कानावर येतील. ऑर्डर उन्हाळ्यात द्या. फेब्रुवारीत फोन केलात तर पुढच्या हंगामाचा वायदा मिळतो.

जरा मोठाच घेऊन ठेवला तर काय बिघडलं? पुढे टॅप वाढतील.

पॅन भरायला रस लागतो, हे लोक विसरतात. एक चौरस फूट पॅनमध्ये एक इंच रस म्हणजे सहा दशांश गॅलनच्या थोडा वर. 2 बाय 6 मध्ये दोन इंच ठेवायचे म्हटले की 15 गॅलन, फ्लूच्या घड्यांत मावतो तो वेगळा. 20 टॅपवाल्याचा चांगला दिवस 30 गॅलनचा. त्याची निम्मी कमाई पॅनच्या तळाशीच बसते, उतरंड लागायच्या आत रस संपतो आणि भट्टी विझवावी लागते. मग अर्धवट घट्ट झालेला रस पॅनमध्ये पडून, पुढचा थंडीचा झटका कधी येतो याची वाट बघत. ऊन पडलं तर तोही नासतो.

आज आहेत त्याच्या दीडपट टॅप मनात धरून घ्या, तिप्पट नको. बादल्या टांगणारे हात तेवढेच राहतात, हेही बघा.

कोल्हापूरहून काहील आणली तर?

दरवर्षी कोणीतरी हसत हसत विचारतंच, म्हणून गंभीरपणे उत्तर देते.

उसाचा रस 16 ते 20 ब्रिक्सचा. किलोभर गुळासाठी पाच-सहा लिटर रस पुरतो. मेपलमध्ये किलोभर साखरेसाठी 45-50 लिटर लागतो, म्हणजे आठ-नऊपट. काहील ही एका घाण्याचा रस एकदम आटवून वाफ्यात ओतायची कढई आहे, आणि गुळाला तो रंग, ती खमंग चव हवीच असते. मेपलवाल्याला नेमकं तेच टाळायचं असतं. शिवाय लोखंडाचा या पातळ, आंबटसर रसाशी फार वेळ संबंध बरा नाही.

पण चुलवाणाकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. काही गुऱ्हाळांत एकामागे एक काहिली असतात. पुढच्या काहिलीचा जाळ मागून चिमणीकडे जाताना मागच्या काहिलीतला रस तापवतो. इथली पुढचा-मागचा पॅन ही रचनाही त्याच विचाराची. फेस वर आला की मामाकडे तेलाचा थेंब टाकायचे. इथे लोण्याचा कण टाकत, आता दुधाची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी वनस्पती तेल वापरतात. आणि मेपल सिरपची चव भारतात कोणाला समजावायची झाली तर 'झाडाची काकवी' म्हणावं. गुळाआधीची काकवी आणि हे सिरप एकाच कुळातले.

शेड, चिमणी, वाफ यांचं काय?

2 बाय 4 पर्यंत चारी बाजूंनी उघडं छप्पर चालतं. त्याच्या पुढे शुगरहाऊस, म्हणजे रस आटवायची बंद शेड, हवं आणि आढ्याला वाफ जायला झडपांची खिडकी हवी, भट्टीच्या लांबीएवढी तरी. ताशी 25 गॅलन पाणी म्हणजे जवळजवळ 95 किलो वाफ. ती बाहेर गेली नाही तर तुळयांवरून परत पॅनमध्ये ठिबकते, वाटेतला सगळा मळ घेऊन.

चिमणीची उंची भट्टीच्या लांबीच्या दुप्पट, हा जुना नियम. छपरातून जाताना लाकडापासून किती अंतर, हे आपल्या मनाने ठरवू नका. टाउनच्या फायर वॉर्डनला बोलवा आणि घराच्या विम्याच्या एजंटला आधी सांगा. भट्टीखाली काँक्रीट किंवा नीट धुमसलेली खडी. विटा धरून वजन शेकडो पौंड होतं आणि मार्चमध्ये जमीन गोठते-सुटते. एक पाय खचला की पॅन कलतो, आणि कललेल्या पॅनच्या उंच कोपऱ्यात करपतं.

घरात, स्वयंपाकघरातल्या शेगडीवर आटवलं तर?

शेवटचा एक लिटर हो. सगळा रस आटवलात तर भिंतीचा वॉलपेपर सोलून हातात येईल.

पॅन करपला तर?

करपणारच एकदा. माझा 2018 च्या मार्चमध्ये, नवा सपाट पॅन आल्यावर तिसऱ्याच रात्री. साडेनऊ वाजले होते, तिकडे सकाळ झाली म्हणून आईचा फोन आला. उत्तम सिग्नल फक्त अंगणाच्या कडेला, म्हणून तिथे गेले. सात-आठ मिनिटं, फार तर. परत आले तेव्हा वास आधी आला: साखर जळाल्याचा नव्हे, त्याच्याही पुढचा, कडवट, डोळ्यांत जाणारा. पॅनच्या पुढच्या कोपऱ्यात काळा फेस फुगून वर येत होता आणि त्याच्याखाली पत्रा लालसर झाला होता. घाबरून बादलीभर थंड रस ओतला, पत्रा 'टण्ण' झाला आणि कायमचा वाकला. दिवसभराचं सिरप गेलं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "दूध ऊतू जाताना फोन घेतेस का गं?"

त्यानंतरचे नियम. शेवटच्या कप्प्याजवळ रसाने भरलेली बादली कायम उभी. पातळी घटताना दिसली की तिथेच, पत्रा उघडा पडायच्या आत, तांब्या-तांब्याने घालायची. पातळी इंचाच्या खाली जाऊ द्यायची नाही, दीड ते दोन बरी. फ्लोट गोठून किंवा घाणीने अडकतो, त्याला दर थोड्या वेळाने बोट लावून बघायचं. लाकडाची भट्टी बटणाने बंद होत नाही: थांबायच्या अर्धा तास आधी लाकूड घालणं बंद करा आणि पॅनमध्ये नेहमीपेक्षा दोन इंच जास्त रस सोडून मगच झोपायला जा, कारण निखारे अजून तासभर काम करत असतात.

पॅनच्या तळाशी वाळूसारखं साचतं ते काय?

नायटर, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम मॅलेट. रसातच असतं, आटल्यावर खाली बसतं. थर जाड झाला की उष्णता अडते आणि तिथेच करपतं. म्हणून काही पॅनना नळ दोन्ही बाजूंना असतात. दिशा उलटी केली की नवा पातळ रस जुन्या थरावरून फिरतो आणि तो सुटतो. मोठा पॅन घेताना ही सोय मागा. हंगाम संपल्यावर शेवटचा रस पॅनमध्ये काही आठवडे आंबू द्या, थर आपोआप सैल होतो. वास भयंकर, पण पत्र्यावर ओरखडा नाही. साबण लावू नका, पुढच्या वर्षीच्या सिरपला त्याची चव येते.

इव्हॅपोरेटर मोठा घेतला की आणखी काय वाढवावं लागतं?

सगळंच. आधी अडत होतं ते आटवण्यापाशी, आता पुढे सरकून गाळण्यापाशी अडतं. लोकरीच्या शंकूतून पाच लिटर सिरप गाळणं म्हणजे संध्याकाळचा विरंगुळा. वीस लिटर गाळताना ते गार होतं, दाटतं आणि शंकूत उभं राहतं. मग कोणीतरी हाताने चालणाऱ्या फिल्टर प्रेसची किंमत विचारायला लागतं. रसाची टाकी मोठी लागते, तीही भट्टीपेक्षा उंचावर, म्हणजे रस आपसूक उतरतो. लाकडाची रास दुप्पट. बरण्या दुप्पट. हे सगळं इव्हॅपोरेटरच्या किमतीत पहिल्या दिवसापासून धरा.

पैसे वसूल होतात का?

नाही.

नवा इव्हॅपोरेटर पहिल्यांदा पेटवताना काय करायचं?

नुसत्या पाण्याने. कारखान्यातलं तेल पत्र्यावर असतं, ते जायला पॅन दोनदा पाणी उकळून धुवा. भट्टीच्या विटांचा गारा ओला असतो, पहिला जाळ बारीकच ठेवा, नाहीतर भेगा पडतात. त्याच पाण्यावर सगळी तालीम करून घ्या: फ्लोट किती पातळीला बंद होतो, नळ गळतो का, ताशी किती पाणी उडतं. बाहेरच्या पिंपावर खडूने रेघ मारा आणि घड्याळ लावा, जाहिरातीतला आकडा खरा की खोटा तिथेच कळतो. हे फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात उरका. इथे मार्चच्या पहिल्या मंगळवारी टाउन मीटिंग, म्हणजे गावसभा, असते आणि जुने लोक तोवर टॅप मारून मोकळे होतात. पण अलीकडे रस कधीकधी फेब्रुवारीच्या मध्यालाच सुटतो आणि त्या दिवशी तुमच्या विटा ओल्या असून चालत नाही.